मथुराबाईचा चौकोन

उत्तमरावांचा आवाज असा होता की बाजारात ते ओरडायला लागले की शेजारचे भाजीवाले खुशाल बिडी पेटवायचे. त्यांच्यापुढे आपलं ओरडणं म्हणजे नगाऱ्यापुढं टिमकी, हे त्यांनी कधीच मान्य करून टाकलं होतं. तेलंगणात, आदिलाबादजवळच्या तलमडुगूच्या आठवडी बाजारात, ज्याला तिकडची मराठी माणसंसुद्धा तेलुगूतला अंगडी हाच शब्द वापरतात, उत्तमराव वांगी विकायचे ती तीन भाषांत. मराठीत वांगी, तेलुगूत वंकाय आणि व्यापाऱ्याशी हिंदीत बैंगन. भाव मात्र तिन्ही भाषांत सारखाच.

त्या माणसाचं तोंड एका सकाळी बंद झालं. वांग्याच्या वाफ्याला पाणी देता देता ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. मथुराबाई, त्यांची बायको, त्या दिवशी टोपली घेऊन एकटीच बाजाराला गेली होती. शेजारच्या शेतातल्या माणसाला ते दिसेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. आदिलाबादच्या दवाखान्यातून ते परत आले तेव्हा उजवं अंग गेलं होतं आणि जीभ लाकडासारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले, यांना समजतं सगळं, फक्त बोलता येत नाही. हे ऐकायला बरं वाटतं. पण ज्याला सगळं समजतं आणि काहीच बोलता येत नाही, त्याचे हाल आपल्याला काय कळणार?

त्यांची एकुलती एक लेक रंजीता. तिचीच ही गोष्ट आहे.

रंजीता घरात मराठी बोलत, शाळेत तेलुगू लिहीत आणि कॉलेजात इंग्रजीशी झटापट करत कॉम्प्युटर शिकली. काही वर्षं हैदराबादेत काढून ती आदिलाबादला परत आली आणि एका बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून जिनिंग मिलवाल्यांसाठी प्रोग्राम लिहू लागली. कापसाची गाडी काट्यावर आली की वजन दिसावं, चिठ्ठी निघावी, असली कामं. तिचे प्रोग्राम त्या त्या कॉम्प्युटरवरच बसवलेले असत, इंटरनेट गेलं तरी चालत. हैदराबादच्या मैत्रिणी म्हणायच्या, आता असलं कोण लिहितं? रंजीता म्हणायची, जिथं नेट सकाळी येतं आणि दुपारी जातं तिथं आम्ही लिहितो. स्वभावानं फटकळ होती. बापाचा आवाज तिच्यात उतरला नव्हता, पण जीभ उतरली होती.

तिच्या कामात एक गोष्ट तिला फार आवडायची. कॉम्प्युटरमध्ये तयार बटणं असतात, तयार खिडक्या असतात. पण त्यातलं थोडं चित्र, थोडी अक्षरं, थोडा रंग घेऊन आपला स्वतःचा एक साचा करता येतो. त्याला युजर कंट्रोल म्हणतात. एकदा साचा केला की हवा तिथं, हवा तितक्या वेळा बसवायचा. त्या साच्याचा एक धर्म असतो, असं कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या तेलुगू सरांनी तिला शिकवलं होतं. साच्यानं स्वतः काम करायचं नाही. त्याला कोणी दाबलं, तर त्यानं फक्त जाहीर करायचं की मला दाबलं. यालाच इव्हेंट म्हणायचं. आपलं कोण ऐकतं आहे, हे साच्याला ठाऊकही नसतं. ज्या फॉर्ममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या ज्या खिडकीत, तो बसवलेला आहे त्या फॉर्मनं कान देऊन ऐकायचं आणि काय ते करायचं. कोणी कानच दिला नसेल तर जाहीर केलेलं हवेत विरून जातं. सरांच्या या शेवटच्या वाक्याला वर्ग हसला होता. रंजीता हसली नव्हती.

बापाचं तोंड बंद झाल्यावर तिला पहिल्यांदा हेच सुचलं. एका मिलमध्ये बोटानं दाबायचा जुना पडदा धूळ खात पडला होता. मालकाला विचारून तिनं तो आणला आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडून उत्तमरावांच्या खाटेजवळ, डाव्या हाताशी, लाकडी फळीवर बसवला. त्यावर तिनं चौकोन मांडले. पाणी, चहा, पंखा, दुखतं, कूस बदला, बाहेर न्या. खाली माणसांचे चौकोन, नावासहित. प्रत्येकावर चित्र, चित्राखाली शब्द. दाबलं की पडदा तो शब्द मोठ्यानं बोलणार. आवाज सगळे रंजीतानं स्वतःच्याच तोंडचे भरले. पडदा उत्तमरावांच्या वतीनं बोलणार होता, म्हणून माणसांची नावंही तिनं ते घेतील तशी घातली. रंजीता. मालनबाई. मथुराबाई.

मालनबाई म्हणजे उत्तमरावांची थोरली बहीण. विधवा, मूलबाळ नाही, भावाला लकवा झाला म्हटल्यावर आपलं बोचकं घेऊन आली ती राहिलीच. मनानं वाईट नव्हती. पण तिच्या तोंडाला झाकण नव्हतं.

पहिल्या दिवशी पडद्यानं सगळ्यांची फजिती केली. उत्तमराव पाण्याच्या पेल्यावर बरोबर मधोमध बोट ठेवायचे, दाबायचे, आणि पडदा ढिम्म. रंजीतानं दाबलं की बोलायचा. बापाची सत्ता पडद्यावरही संपली की काय, असं तिला क्षणभर वाटलं. मग लक्षात आलं, आपण चौकोनाच्या कडेला दाबतो, बाबा चित्रावर दाबतात. चित्र चौकोनाच्या आत बसलेलं. ते दाबणं स्वतःच गिळून टाकत होतं, चौकोनाला सांगतच नव्हतं. पाहुणा दारातल्या नातवाला निरोप सांगून जावा आणि पोरगं खेळायला पळावं, तसं. तिनं ते दुरुस्त केलं. आता चित्र आणि शब्द दोघंही आपल्याला लागलेलं बोट चौकोनाच्या कानावर घालणार आणि चौकोन आपल्या नावानं जाहीर करणार.

"पाणी," पडदा बोलला.

उत्तमरावांनी डोळे मिटले. मग पुन्हा दाबलं. पाणी. पुन्हा. पाणी. मालनबाई पेल्यावर पेले आणत राहिली आणि ते पिता पिता हसत राहिले, अर्ध्याच ओठानं. रंजीता चुलीजवळ जाऊन रडली. आनंदानं रडायला माणूस आडोसा का शोधतो कोण जाणे.

पुढचे दिवस बरे गेले. चहा, पंखा, बाहेर न्या. रंजीताचा चौकोन तिची बस यायच्या वेळेला हमखास बोलायचा. मालनबाईचाही बोलायचा, कारण पाठ चेपायला त्यांना तीच लागायची. एकच चौकोन कधी बोलला नाही. मथुराबाईचा.

हे पहिल्यांदा कोणी बोलून दाखवलं असेल तर अर्थात मालनबाईनं. "उत्तम मले बोलावते, पोरीले बोलावते. तुले काऊन नाई बोलावत व मथुरा?"

मथुराबाई मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. पण तो शब्द तिच्या वर्मी बसला. तिच्या मनात एक काटा आधीच होता. ज्या सकाळी ते वाफ्यात पडले त्या सकाळी ती घरी नव्हती. त्यांनी हाक मारली असेल. एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसानं शेवटची हाक मारली असेल आणि ऐकायला आपण नव्हतो. तेव्हापासून घास भरवताना ते तोंड भिंतीकडे फिरवायचे. लाज वाटत असेल, असं दुसऱ्या कोणाला सुचलं असतं. मथुराबाईला सुचलं ते एवढंच, की यांना माझं तोंड पाहवत नाही.

ती हळूहळू खोलीतून मागे सरकली. घास भरवायचं काम मालनबाईकडे गेलं, मग अंग पुसायचं गेलं. मथुराबाई ओसरीवर बसू लागली. आणि एका संध्याकाळी रंजीता बसमधून उतरून घरी आली तर माय लुगडी घडी घालून गाठोड्यात ठेवत होती.

"वांकिडीले जातो," मथुराबाई म्हणाली. वांकिडीला तिचा भाऊ होता, केशवराव. "केशवकडे. अठी मालनबाई हाये ना करायले."

"कवा येशील?"

"पाहू."

हे 'पाहू' रंजीतानं ओळखलं. तिची माय माहेरी कधी मुक्कामाला राहिली नव्हती. भाजीला पाणी कोण देईल म्हणून भावाच्या पोरांच्या लग्नातूनही त्याच दिवशी परतणारी बाई ती. आता ती जाणार होती आणि परत येणार नव्हती, आणि ती गेली की आपला बाप फार दिवस काढणार नाही, हे रंजीताला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसलं. आत्या प्रेमळ होती, पण बापाच्या कण्हण्यावरून कुठली कूस दुखते हे फक्त मायला कळायचं.

"सोमवारपर्यंत थांब," ती म्हणाली. तिच्या डोक्यात आलं होतं, चौकोनच बिघडला असणार. कारागिराला पहिला संशय आपल्या अवजारावर येतो, आणि तो यायलाच पाहिजे.

तिनं तपासलं. चौकोन धड होता. तिच्या बोटाला 'मथुराबाई' म्हणून स्वच्छ बोलत होता. मग रविवारी ती बापाच्या खोलीत कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसली, काम करत असल्यासारखी, आणि तिरप्या नजरेनं पाहत राहिली.

उत्तमरावांचा डावा हात वर आला. बोट पाण्यावरून, चहावरून खाली गेलं आणि मथुराबाईच्या चौकोनावर टेकलं. चौकोन पिवळा झाला. बोट टेकलं की रंग बदलायचा, हे तिनंच घातलेलं होतं. बोट तिथंच राहिलं. आणि मग सावकाश घसरत पडद्याच्या कडेला गेलं, आणि तिथं उचललं गेलं. चौकोन पुन्हा पांढरा. आवाज नाही. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. पिवळा. मग पांढरा.

रंजीताला एकदम हायसं वाटलं. बटण दाबलं असं कॉम्प्युटर कधी धरतो? बोट जिथं टेकलं तिथंच उचललं तर. टेकून दुसरीकडे नेऊन उचललं तर तो काहीच जाहीर करत नाही. म्हणजे बाबा बोलावतात. रोज बोलावतात. हात अशक्त, बोट घसरतं, म्हणून ऐकू येत नाही. यावर उपाय सोपा होता. तिनं तिथंच बसून त्या एका चौकोनापुरतं लिहिलं की उचलायची वाट पाहायची नाही, बोट टेकताक्षणी बोलायचं.

सोमवारी सकाळी मथुराबाई गाठोडं घेऊन दारात उभी होती. मालनबाई तिला वाटेत खायला भाकरी बांधून देत होती. रंजीता मुद्दाम कामावर गेली नव्हती. आत खाटेवर उत्तमरावांनी दाराकडे पाहिलं, हात उचलला आणि बोट टेकवलं.

"मथुराबाई!"

पडदा इतक्या मोठ्यानं बोलला की ओसरीवरची चिमणी उडाली. रंजीता विजयी मुद्रेनं बापाकडे वळली, आणि तिचा चेहरा उतरला. उत्तमरावांनी विस्तवाला लागल्यासारखा हात मागे ओढला होता. त्यांचं तोंड लाल झालं होतं. त्यांनी हात गोधडीखाली लपवला, तोंड भिंतीकडे केलं, आणि त्यांचे खांदे हलू लागले.

"अगं माय!" मालनबाई तोंडाला पदर लावून म्हणाली. "उत्तमनं बायकोचं नाव घेतलं! तेबी पोरीच्या तोंडून!"

मथुराबाई दारातच थिजली. मग गाठोडं खाली ठेवून मागच्या अंगणात निघून गेली. बस आली आणि गेली.

त्या दिवसापासून उत्तमरावांनी पडद्याला हात लावला नाही. पाण्यालाही नाही. हात गोधडीखाली तो तिथंच. घरातली सगळी माणसं पुन्हा अंदाजानं पाणी पाजू लागली. रंजीताचं डोकं चालेना. काम बरोबर केलं होतं, आणि घर उलटंपालटं झालं होतं.

शेवटी ती अंगणात भाजी निवडणाऱ्या मायजवळ जाऊन बसली. आपली चूक सांगावी म्हणून नव्हे, दुसरं कुठं बसवेना म्हणून.

"बाबाचं बोट घसरत होतं," ती म्हणाली. "म्हणून म्या तसं केलं."

"कुठून घसरत होतं?"

"तुह्या चौकोनावरून."

मथुराबाईचा हात थांबला. "माह्या चौकोनावर बोट ठेवत होते ते?"

"रोज. घडीघडी ठेवत अन् सरकवून नेत. तुले ठाऊक नाई?"

मथुराबाईनं हातातली भाजी खाली ठेवली. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग म्हणाली, "घसरत नाई पोरी ते. त्याईनं कवाच माहं नाव घेतलं नाई. लग्नात घेतलं तेवढंच, बायांनी दार अडवलं म्हणून. वावरातून आले का भिंतीले इचारत, कोणी पाणी देते का? मी पाणी देओ. जेवाची येळ झाली का म्हणत, कोणी वाढते का? घरात मी एकटीच राहो. मंग कोणी म्हणजे कोण?"

रंजीताच्या कानात बापाचा तो जुना आवाज घुमला. कोणी टॉवेल देते का. कोणी दार लावते का. लहानपणापासून तिनं हे रोज ऐकलं होतं, आणि रोज ऐकलेलं माणसाला ऐकूच येत नाही. बापानं जन्मभर नुसतं जाहीर केलं होतं, कोणाचंही नाव न घेता, आणि ऐकणारी एक बाई कान देऊन बसली होती. सरांनी वर्गात शिकवलं ते तिच्या घरात चुलीपाशी चालू होतं. आणि तिनं काय केलं? सगळ्या चौकोनांना एकच साचा, साच्यात नावाची जागा होती, म्हणून नाव भरून टाकलं.

आणि ते बोट घसरत नव्हतं, ते माघार घेत होतं. बोट टेकवलं तरी उचलेपर्यंत माणसाला मन बदलता यावं, म्हणून बटण करणाऱ्यांनी ती सवड ठेवलेली असते. बाबा त्या सवडीत रोज बायकोच्या नावाला हात लावून येत होते. ती सवड आपण काढून घेतली आणि भरल्या घरात त्यांच्या तोंडात नाव कोंबलं. रंजीताला स्वतःची इतकी शरम वाटली की ती मायच्या मांडीत तोंड खुपसून लहान पोरीसारखी रडली.

"'कोणी हाय का' असा आवाज भरू का मंग?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"नोको. तुह्या तोंडून ते मले नाई सोसणार." मथुराबाई उठली. "पयलेसारखं करून दे. अन् माह्या चौकोनाचा आवाज काहाडून टाक. ते पिवळं होते ना, तेवढं राहू दे."

रंजीतानं तसं केलं. बोट टेकल्यावर बोलायचं काढलं, बोट उचलल्यावर बोलायचंही काढलं. आता तो चौकोन दाबल्यावर जाहीर करत होता, पण फॉर्ममध्ये त्याचं ऐकणारं कोणी ठेवलं नव्हतं. कुठल्याही मिलमध्ये याला तिनं चूक म्हटलं असतं.

मथुराबाईनं भाजी निवडायचा पाट उचलून आत आणला आणि खोलीत अशा जागी टाकला की पडदा समोर दिसावा. उत्तमराव तिच्याकडे पाहत नव्हते. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती पडद्याकडे पाहत होती आणि शेंगा सोलत होती. एक दिवस गेला, दुसरा गेला. गोधडीखालचा हात बाहेर आला नाही. मालनबाईसुद्धा गप्प होती, यावरून घरात काय वातावरण असेल ते समजा.

मग एका दुपारी रंजीता घरी असताना तो हात निघाला. बोट चौकोनाजवळ गेलं, थबकलं, आणि टेकलं. आवाज झाला नाही. चौकोन नुसता पिवळा झाला.

"आली," मथुराबाई म्हणाली. हातातल्या शेंगा टाकून उठली आणि खाटेच्या कडेला जाऊन बसली.

उत्तमरावांनी घाईनं बोट सरकवून बाजूला घेतलं. चोरी पकडली गेल्यासारखे ते तिच्याकडे पाहू लागले, पण या वेळी तोंड भिंतीकडे फिरवलं नाही.

"काय पायजे?" तिनं विचारलं. पाणी दाखवलं, नाही. पंखा, नाही. काहीच नको होतं. मथुराबाईनं त्यांचा पडलेला उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. "त्या दिसी मी बाजारात होती," ती म्हणाली. "हाक मारली असन तुमी. मले आली नाई ऐकू. तवापासून जीव जळते माहा."

उत्तमरावांनी मान हलवली. नाही. नाही. जोरजोरानं. हाक मारली नव्हती, की त्याचा राग नाही, काय म्हणायचं होतं ते देव जाणे. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, पण त्याचा शब्द झाला नाही. मग त्यांनी डावा हात पुन्हा उचलला आणि बोट मथुराबाईच्या चौकोनावर ठेवलं. ती तर शेजारीच बसली होती. बोलावण्याचं काही कारण नव्हतं.

चौकोन पिवळा झाला. बोट तिथंच होतं. रंजीता कोपऱ्यातून पाहत होती. आता सरकेल, आता कडेला जाईल. बोट सरकलं नाही. उत्तमरावांनी बायकोकडे पाहिलं आणि ते जिथं टेकवलं होतं तिथंच, सरळ वर उचललं.

पडद्यावर काहीच झालं नाही. पिवळा चौकोन पांढरा झाला, एवढंच. ऐकणारं रंजीतानंच काढून टाकलं होतं.

"माय," ती कशीबशी म्हणाली, "त्याईनं नाव घेतलं तुहं."

"समजलं मले," मथुराबाई म्हणाली. तिनं नवऱ्याच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. "तू जाय, चहा ठेव."